वनस्पतीचा जामीन

4 जुलै 2013 रोजी जपानमधल्या कानेबो या प्रसाधन कंपनीने त्वचा उजळवणारी आपली 54 उत्पादने बाजारातून परत मागवली. या सगळ्या क्रीम-लोशनांत रोडोडेनॉल नावाचा घटक 2 टक्के होता. चेहऱ्यावरचे काळसर डाग जावेत म्हणून ती लावणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर कोड उठल्यासारखे पांढरे चट्टे पडले होते. आधी तुरळक वाटलेल्या तक्रारी वाढत वाढत 19 हजारांच्या पुढे गेल्या. या घटकाला सरकारची 2008 सालची रीतसर मंजुरी होती. त्याची ओळख करून देताना जे सांगितले जाई तेही खोटे नव्हते. निक्को मेपल या जपानी झाडाच्या सालीत रोडोडेनॉल खरोखरच सापडते, आणि त्या सालीच्या काढ्याने डोळे धुण्याची चाल तिकडे जुनी आहे. ज्या सालीचे पाणी डोळ्यांना चालते ती गालाला काय करणार, असे कुणालाही वाटावे. उजळपणाच्या धंद्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वनस्पतीचे नाव त्यात पुराव्याच्या जागी वापरले गेले आहे, असे माझे म्हणणे आहे. आधीच्या विषाला पर्याय म्हणून झाडपाला पुढे आला, आणि तो पर्याय आहे एवढ्यावरच निर्दोष ठरला. जपानचे उदाहरण घेतो ते अशासाठी की तिथे कायदा, प्रयोगशाळा आणि ग्राहक हे तिन्ही बऱ्यापैकी जागरूक होते. जिथे यातले एकही धड नाही तिथला गोंधळ समजण्यासारखा असतो. इथला समजून घ्यावा लागतो.

गोरा रंग सात व्यंगे झाकतो अशा अर्थाची म्हण जपानीत आहे, आणि ती झाकण्याचे काम एदो काळात मुख्यतः शिशाच्या आणि पाऱ्याच्या सफेद्याने होई. त्याच्या जोडीला घरगुती उपाय होतेच. तांदळाचा कोंडा कापडी पुरचुंडीत बांधून तिने तोंड धूत. घोसाळ्याच्या वेलातून पाझरणारे पाणी बाटलीत धरून चेहऱ्याला लावत. उगुइसु या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याची वाळवलेली विष्ठाही त्यात होती, म्हणजे सगळेच काही वनस्पतींपासून नव्हते. 1813 साली क्योटोच्या शृंगाररीतींवर निघालेल्या एका ग्रंथात अशा उपायांची रेलचेल आहे. या दोन प्रकारांत एक मोठा फरक होता. सफेदा रंग झाकायचा आणि तासन्तास त्वचेवर राहायचा. कोंडा आणि घोसाळ्याचे पाणी त्वचा स्वच्छ, मऊ करायचे. कोंड्याने तोंड धुऊन झाले की तो निघूनही जायचा. शिशाची किंमत काय असते हे 1887 मध्ये सगळ्यांसमोर आले. सम्राटापुढे झालेल्या काबुकी प्रयोगात नाकामुरा फुकुसुके हा नावाजलेला नट थरथरू लागला, आणि वर्षानुवर्षे तोंडाला फासलेल्या सफेद्याचे ते विष असल्याचे निदान झाले. बिनशिशाचा सफेदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला, तरी शिशाचा सफेदा कायद्याने हद्दपार व्हायला 1930 चे दशक उजाडावे लागले. एवढ्या काळात लोकांच्या मनात एक जोडी पक्की झाली: धातू म्हणजे विष आणि झाडपाला म्हणजे निर्धोक. शिशापुरती ती खरी होती. अडचण एवढीच की कोंड्याने कधी रंग बदलण्याचे काम केलेच नव्हते, त्यामुळे त्या कामात झाडपाला निर्धोक आहे की नाही याची परीक्षाही कधी झाली नव्हती.

रंग झाकायचा नसून तो तयारच होऊ द्यायचा नाही, ही कल्पना विसाव्या शतकातली आणि तिचा उगम अपघातात आहे. बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. टायरोसिन या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात आणि बारीक कणांच्या रूपाने ते शेजारच्या पेशींना पुरवतात. या साखळीची पहिली पायरी टायरोसिनेज नावाचे विकर उचलते. 1930 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या चामडे कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या हातांचा रंग उडू लागला. त्यांत कृष्णवर्णीय कामगार बरेच असल्याने तो लपण्यासारखा नव्हता. शोध घेतला तेव्हा दोष त्यांच्या रबरी हातमोज्यांत निघाला. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोन या फिनॉलच्या कुळातल्या रसायनाचे एक भावंड, मोनोबेन्झोन, मिसळलेले होते. ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन यांनी 1939 मध्ये हे प्रसिद्ध केले. टायरोसिनसारखा दिसणारा फिनॉलचा रेणू रंगपेशीत शिरला की विकर त्याला आपलाच कच्चा माल समजते, त्याचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून निघालेले पदार्थ पेशीलाच मारू शकतात, हे या कुळाच्या अभ्यासातून पुढे उलगडत गेले. धंद्याने मात्र या बातमीतला फायद्याचा अर्धा भाग तेवढा उचलला. हायड्रोक्विनोन क्रीममध्ये आले आणि जगभर खपले. 1975 मध्ये प्रिटोरियाच्या फिंडले यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांच्या गालांवर उमटलेल्या निळसर-काळ्या, खरखरीत डागांचे वर्णन केले. हा ओक्रोनोसिस, म्हणजे उजळवण्याच्या औषधानेच आलेला कायमचा काळेपणा. पुढे त्या देशाने अशा क्रीमांवर बंदी घातली, आणि या शतकाच्या उंबरठ्यावर युरोपनेही प्रसाधनांतून हायड्रोक्विनोन काढून टाकले.

जपानी कंपन्यांचा वनस्पतींकडचा ओढा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तो निव्वळ जाहिरातबाजीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. हायड्रोक्विनोनचे दुष्परिणाम दिसत होते आणि त्यापासून दूर जाण्याची इच्छा प्रामाणिक होती. शिवाय जपानी कायद्याने एक सोयीचा तिसरा कप्पा करून ठेवला होता. औषधही नव्हे आणि साधे प्रसाधनही नव्हे, अशा 'उपऔषध' वर्गात घटकाला मंजुरी मिळाली की मेलॅनिनची निर्मिती रोखून डाग आणि वांग टाळते असे पाकिटावर छापता येई. या एका वाक्याची बाजारातली किंमत प्रचंड होती. ते छापण्याचा हक्क मिळवण्यासाठी 1980 च्या दशकाच्या शेवटापासून कंपन्यांची जी चढाओढ लागली, तिच्या मध्यभागी शिसेदोचे अर्ब्युटिन होते. बेअरबेरी नावाच्या थंड प्रदेशातल्या झुडपाच्या पानांत ते भरपूर असते, नासपतीच्या पानांतही असते. युरोपात मूत्रमार्गाच्या दुखण्यांवर ही पाने पूर्वापार देत असत. अर्ब्युटिनची रचना पाहिली की या सगळ्या गोष्टीतली गंमत कळते: ते म्हणजे ग्लुकोजचा एक रेणू जोडलेले हायड्रोक्विनोन. मूत्रमार्गात ते गुण देते तेही ही साखर सुटून हायड्रोक्विनोन मोकळे होते म्हणून. ज्याच्यापासून पळायचे होते तेच साखरेच्या आवरणात परत आले होते. शिसेदोच्याच संशोधकांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर फारच बोलका आहे. आपल्या कुंडीतल्या सदाफुलीच्या पेशी त्यांनी द्रवात वाढवल्या, त्यांना हायड्रोक्विनोन पाजले आणि त्या पेशींनी त्याला साखर जोडून अर्ब्युटिन भरभरून बनवून दिले. कारखान्यातले हायड्रोक्विनोन झाडाच्या पेशीतून फिरून आले. आता त्याला रसायन म्हणायचे की वनस्पतिजन्य, हे ज्याने त्याने ठरवावे. त्वचेला तो प्रश्न पडत नाही. 2008 मध्ये कोरियन संशोधकांनी दाखवले की माणसाच्या त्वचेवर नेहमी राहणारे जिवाणू अर्ब्युटिनची साखर तोडून पुन्हा हायड्रोक्विनोन मोकळे करू शकतात. अर्ब्युटिन हायड्रोक्विनोनइतकेच घातक आहे असा याचा अर्थ नाही. हळूहळू आणि थोडे थोडे सुटणारे विष बेतात राहू शकते, आणि मर्यादित प्रमाणात अर्ब्युटिनचा वापर आजही मान्य आहे. पण ते सुरक्षित असेल तर मात्रेमुळे आणि सुटण्याच्या वेगामुळे आहे. बेअरबेरीच्या पानाचा त्यात काही वाटा नाही.

बाकीच्या घटकांची नावे भराभर घेतो. साके गाळण्यात वापरल्या जाणाऱ्या कोजी बुरशीत सायतो यांना 1907 मध्ये सापडलेले कोजिक आम्ल 1988 मध्ये मंजूर झाले. बुरशी ही वनस्पती नव्हे, पण साके गाळणाऱ्यांचे हात मऊ आणि गोरे असतात ही आख्यायिका जाहिरातीला पुरेशी होती. उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्याने 2003 मध्ये सरकारने त्याचे उत्पादन थांबवायला सांगितले आणि अधिक तपासणीनंतर 2005 मध्ये बंदी उठवली. एलॅजिक आम्ल आले, कॅमोमाइलचा अर्क आला, मॅग्नोलियाच्या सालीतल्या द्रव्यावर बेतलेले मॅग्नोलिग्नन आले. ज्येष्ठमधातल्या ग्लॅब्रिडिनवरही जपानी प्रयोगशाळांतून काम झाले. या सगळ्या शोधांची चाळणी बहुतेक वेळा एकच असे, आणि ती सदोष होती. पानांचा अर्क काढायचा, तो टायरोसिनेजवर टाकायचा आणि विकराचा वेग किती मंदावला ते मोजायचे. पण प्रयोगशाळेत सहज आणि स्वस्तात विकत मिळणारे टायरोसिनेज माणसाचे नसते. ते भाजीच्या बटण मशरूममधून काढलेले असते, आणि त्याची रचना मानवी विकरापेक्षा बरीच वेगळी आहे. अमक्या पाल्याचा अर्क टायरोसिनेज रोखतो असे सांगणारे शोधनिबंध आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांतूनही मुबलक निघतात. त्यांतल्या बहुतेकांचा खरा निष्कर्ष एवढाच असतो की त्या अर्काने कापलेले मशरूम काळे पडायला वेळ लागेल. हेही ज्ञानच आहे, पण त्याचा उपयोग भाजीवाल्याला अधिक.

रोडोडेनॉलने टायरोसिनेज मंदावले, मेलॅनिन कमी झाले, आणि मंजुरी मिळाली. ते विकराला अडवते हे दिसले होते. विकर त्याचे काय करते हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. चट्टे पडल्यानंतर फुजिता आरोग्य विद्यापीठातल्या इतो आणि वाकामात्सु यांच्यासारख्या मेलॅनिनच्या रसायनतज्ज्ञांनी त्याचे उत्तर शोधले. मानवी टायरोसिनेज रोडोडेनॉलला कच्चा माल म्हणून उचलते, त्याचे क्विनोन बनवते, आणि हे क्विनोन पेशीतल्या प्रथिनांना चिकटून रंगपेशीचा घात करते. म्हणजे ज्या पेशीत विकर जोमाने काम करत असेल तीच आधी मरणार. गोष्ट 1939 च्या हातमोज्यांचीच होती. त्याहून जवळची सूचनाही उपलब्ध होती. रास्पबेरीला तिचा वास देणारे जे द्रव्य आहे, ज्याला रास्पबेरी कीटोन म्हणतात, त्यात आणि रोडोडेनॉलमध्ये हायड्रोजनच्या फक्त दोन अणूंचा फरक आहे. हे कीटोन बनवणाऱ्या जपानी कामगारांच्या त्वचेवर पांढरे डाग पडल्याचा निबंध जपानमधल्याच संशोधकांनी 1998 मध्ये, म्हणजे रोडोडेनॉलच्या मंजुरीच्या दहा वर्षे आधी, व्यवसायजन्य आरोग्याच्या नियतकालिकात छापला होता. तो प्रसाधनांच्या दुनियेत कुणी वाचला की नाही याने फारसा फरक पडत नाही. फळातल्या सुवासाचा रेणू आणि औषधी सालीतला रेणू यांच्याकडे संशयाने बघायची सवयच नसेल, तर निबंध वाचूनही काही होत नाही. हातमोज्यांतल्या रसायनाला कुणी जामीन राहिलेले नव्हते. निक्को मेपलला मात्र डोळे धुणाऱ्यांची परंपरा जामीन होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कानेबोच्या बाटलीतले रोडोडेनॉल सालीतून काढलेले नव्हतेच, ते कारखान्यात बनवलेले होते, तेव्हा दोष वनस्पतीच्या माथी का? हा आक्षेप माझ्याच मुद्द्याला बळ देतो. झाडातून काढलेला रेणू आणि तोच रेणू कारखान्यात बनवलेला, यांच्या शुद्धतेत आणि किमतीत फरक पडेल. विकर दोघांनाही सारखेच वागवते. वनस्पतिजन्य या शब्दाचा अर्थ इथे फक्त वंशावळ एवढाच उरला होता, आणि ती वंशावळ दाखवून विश्वास मात्र पुरेपूर घेतला गेला. दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ही उत्पादने सुमारे 8 लाख लोकांनी वापरली असावीत असा अंदाज होता. म्हणजे चट्टे उठले ते शेकडा दोन-अडीच जणांना. वापर थांबवल्यावर पुष्कळांचा रंग महिन्या-वर्षांत परतही आला, काहींचा आला नाही. जगात असे कोणते औषध आहे जे शंभरात दोघांनाही त्रास देत नाही? खरे आहे, पण हा हिशेब आजारी माणसाचा आहे. क्षयाच्या रुग्णाला औषधाचा धोका पत्करावा लागतो कारण समोर क्षय असतो. वांगाचे दोन ठिपके असलेल्या धडधाकट बाईसमोर असा कोणताच सौदा नसतो. तिला त्या बदल्यात चेहऱ्यावर कोड मिळाले. शिवाय शंभरात दोन, तेही महिनोन्महिने किंवा वर्षे वापरल्यानंतर उमटणारे, हे प्रमाण मंजुरीपूर्वीच्या आटोपशीर चाचण्यांत हाती लागणे कठीण. ते दिसण्यासाठी तक्रारींकडे लक्ष असावे लागते. तशा तक्रारी कंपनीकडे 2011 पासून येत होत्या, आणि बाहेरच्या वकिलांनी पुढे केलेल्या चौकशीत आढळले की त्या ग्राहकाच्या स्वतःच्या दुखण्यात जमा केल्या गेल्या होत्या. कोड हा आजार असतोच, त्यामुळे खुलासा तयार होता.

तिसरा आक्षेप आपल्या घरातून येईल. हळद, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध हे शतकानुशतके अंगाला लावले जात आहेत. चरकसंहितेत वर्ण्य म्हणून दहा वनस्पतींचा गणच दिला आहे, त्यांत चंदन, वाळा, ज्येष्ठमध आणि मंजिष्ठा आहेत. इतक्या पिढ्यांचा अनुभव पुरावा नव्हे काय? पुरावा आहे, पण नेमका कशाचा ते पाहावे. दिवाळीच्या पहाटे अंगाला चोळलेले उटणे पाव तासात न्हाणीच्या मोरीतून वाहून जाते. लग्नाची हळद एक-दोन दिवसांची असते. लेप वाळला की काढायचा असतो. अशा वापरात अख्ख्या मुळीतले शेकडो पदार्थ थोड्या वेळासाठी, पाण्यातून किंवा सायीतून, त्वचेला भेटतात. त्यातला एकच रेणू वेगळा काढून, शुद्ध करून, त्वचेत मुरेल अशा पायसात 2 टक्के घालून तो सकाळ-संध्याकाळ वर्षभर लावणे ही वेगळी क्रिया आहे, आणि तिला उटण्याचा इतिहास लागू पडत नाही. परंपरेने जे तपासले ते तेवढेच निर्धोक ठरते. जे तपासलेच नाही त्याच्या नावावर परंपरेची शंभर वर्षे जमा करता येत नाहीत.

वनस्पतीचे नाव सुरक्षिततेशिवाय आणखी कुठल्या कुठल्या हिशेबात उपयोगी पडते हे पाहायचे तर महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 मध्ये सुरू केलेल्या विको कंपनीची हळद आणि चंदनतेलाची क्रीम 1970 च्या दशकात बाजारात आली, म्हणजे हिंदुस्थान लिव्हरची फेअर अँड लव्हली आली त्याच सुमारास. दुसरीचा भर नायसिनामाइड या जीवनसत्त्वावर होता. ते विकराला न अडवता रंगकण शेजारच्या पेशींकडे जाणे कमी करते, आणि त्याला कुठल्याही झाडाची शिफारस नव्हती. विकोची क्रीम हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून 1978 पासून अबकारी खात्याशी वाद जुंपला, कारण प्रसाधनावरचा कर औषधापेक्षा कितीतरी जास्त होता. खटले मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2004 मध्येही निकाल कंपनीच्याच बाजूने लागला. आपण प्रसाधन नाही असे टीव्हीवर गाऊन सांगणारी जाहिरात एका पिढीला तोंडपाठ आहे. तिच्यामागे कराचा केवढा मोठा प्रश्न होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. न्यायालयाने पाहिले ते बरोबरच होते: घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत काय, परवाना कोणता आहे, लोक या वस्तूला काय समजतात. त्वचेतल्या रंगपेशींवर काय परिणाम होतो हा त्या खटल्याचा विषय नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. विकोच्या क्रीमने कुणाला अपाय केला असे मला सुचवायचे नाही. भारतात कराच्या कप्प्याने आणि जपानमध्ये जाहिरातीच्या कप्प्याने वनस्पतीला जी किंमत आली, ती दोन्हीकडे त्वचाशास्त्राच्या बाहेर ठरली होती, एवढेच या तुलनेतून दिसते.

अलीकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. युरोपच्या वैज्ञानिक समितीने 2023 मध्ये अल्फा-अर्ब्युटिनची मर्यादा चेहऱ्याच्या क्रीममध्ये 2 टक्के आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये 0.5 टक्के ठरवली. त्यातून सुटणारे हायड्रोक्विनोन शक्य तितके कमी राहावे ही अट नियमात आली, आणि तिथे पान की कारखाना हा भेद कुणी केला नाही. कानेबोची मालक कंपनी काओ हिने 2021 मध्ये नव्या उत्पादनांवर गोरेपणा सुचवणारा शब्द वापरणे थांबवत असल्याचे सांगितले. त्याआधीच्या वर्षी आपल्याकडच्या क्रीमने फेअरच्या जागी ग्लो घेतला होता. मला या नामांतरांपेक्षा जर्मन कंपनी बायर्सडॉर्फचे काम महत्त्वाचे वाटते. तिच्या संशोधकांनी मशरूम बाजूला ठेवून मानवी टायरोसिनेज तयार केले आणि 50 हजार संयुगे त्याच्यावर तपासली. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तीस वर्षे उजळवणाऱ्या क्रीमांत मिरवणारी अर्ब्युटिन आणि कोजिक आम्ल या विकरापुढे अगदीच दुबळी ठरली. चाळणीतून वर आलेला थायमिडॉल हा रेसॉर्सिनॉलच्या कुळातला, कोणत्याही झाडाशी नाते न सांगणारा रेणू आहे. पण रेसॉर्सिनॉल म्हणजे शेवटी फिनॉलच, आणि रोडोडेनॉलचे चट्टे उमटायला काही जणींना वर्षे लागली होती, तेव्हा त्याच्याही वापरणाऱ्यांच्या तक्रारी दीर्घकाळ नोंदवत राहाव्या लागतील.